दहा हजारांचा अनुग्रह

नागपूरच्या मनीषनगरात पाऊस झोडपून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर एक वाक्य हमखास कानावर येतं. "आता लोकायचा सोफा भिजला तं त्याचेही पैसे सरकारनंच द्याचे काय जी?" बोलणारा बहुतेक वेळा दुसऱ्या मजल्याच्या वर राहणारा असतो. चार जण माना डोलावतात. पाचवा 'फुकटची सवय लागली लोकांना' अशी पुस्ती जोडतो. ज्याच्या ठेल्याखालून आदल्या रात्री गुडघाभर पाणी वाहून गेलेलं असतं तो पोहेवाला मात्र काही न बोलता तर्री वाढत राहतो.

मी तळमजल्यावर राहतो. त्यामुळे या चर्चेत माझा स्वार्थ आहे हे आधीच कबूल करून टाकतो. वरच्या मजल्यावरच्यांनीही आपली उंची एकदा कबूल करावी, म्हणजे बोलणं बरोबरीत होईल.

त्यांचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यांच्यापेक्षा नीट मांडू शकतो. पाऊस देवाच्या हातातला, त्याचा दोष सरकारला कसा? खोलगट जागेत घर घेतलं ही तुमची चूक. विमा काढला नाही ही दुसरी. सरकारची तिजोरी म्हणजे करदात्यांचा घाम, तो तुमच्या वॉशिंग मशीनवर का सांडायचा? भरपाई म्हटली की खोटे पंचनामे आलेच. तिकडे शेतकरी मरतोय आणि तुम्ही फ्लॅटवाले सोफ्यासाठी रडता. आणि एवढं सगळं असूनही सरकारने दहा हजार दिलेच होते की नाही? मग हात जोडा आणि गप बसा.

ते दहा हजार २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरानंतरचे. त्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून उसळला, नागनदी पात्राबाहेर आली आणि अंबाझरी लेआऊट, डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर या भागांत लोक झोपेतून उठले ते पाण्यात पाय टाकत. लष्कराला बोटी घेऊन यावं लागलं. मग सरकारने आकडे जाहीर केले: मृतांच्या वारसांना ४ लाख, पाणी शिरलेल्या घराला १० हजार, दुकानाला ५० हजार, टपरीला १० हजार.

दुकानात कापडाचे तागे भिजले की नुसत्या रिकाम्या बरण्या, हे विचारायची गरजच उरली नाही. नुकसान मोजायच्या आधीच त्याची किंमत ठरली होती. सरकारी कागदावर या रकमेचं नाव 'भरपाई' नसतं, 'सानुग्रह मदत' असतं, आणि माझा खरा राग या शब्दावर आहे. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपेने. गुरू शिष्यावर करतो तो अनुग्रह. तुमचं काही देणं लागत नाही, पण दया आली म्हणून देतो आहे, असं त्या एका शब्दात सही-शिक्क्यासह लिहिलेलं असतं. आणि आपण तो चेक वटवतो म्हणजे हा अर्थही मान्य करतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

पहिला देवाचा. आमच्या घरात पाणी शिरलं ती रात्रीची तीनची वेळ. बायकोला आधी आवाज ऐकू आला, कोणीतरी गुळण्या कराव्यात तसा. दार बंद होतं, उंबरठा कोरडा होता. पाणी येत होतं न्हाणीघराच्या जाळीतून. काळं, बुडबुडे काढत. आधी जाळीवरची चकती उचलली गेली, मग पाणी पॅसेजमध्ये पसरलं, तिथून देवघरात. तासाभरात प्लायवूडच्या कपाटाचे पाय फुगले आणि खालच्या कप्प्यातल्या साड्यांना जो वास लागला तो चार धुण्यांनंतरही गेला नाही. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हतो, पण एवढं मला कळतं की आभाळातलं पाणी वरून येतं. हे खालून आलं होतं. खालच्या नळ्या देवाने टाकलेल्या नाहीत. त्यांचा नकाशा एका खात्याने केला, निविदा निघाली, बिल निघालं, आणि पुढे त्या साफ करण्याचंही बिल दरवर्षी पावसाळ्याआधी निघतं.

देवाचीच करणी म्हणायची तर देव फार ठरावीक पत्त्यांवर येतो. ६ जुलै २०१८ ला नागपुरात पावसाळी अधिवेशन चालू होतं. सहा तासांत अडीचशे मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, दिवे गेले आणि कामकाज गुंडाळावं लागलं. तुंबलेलं गटार मोकळं करताना दारूच्या रिकाम्या बाटल्या निघाल्याची बातमीही आली होती. त्या देवाने प्याल्या असं अजून कोणी म्हटलेलं नाही. मग २०२३. मग जुलै २०२५, शाळांना सुट्टी. सात वर्षांत तीनदा जे घडतं त्याला आकस्मिक म्हणायचं? आमच्या भागातल्या रेल्वेखालच्या भुयारी मार्गात पाणी साचणार हे रिक्षावाल्याला जूनमध्येच ठाऊक असतं. त्याला ठाऊक असतं ते अभियंत्याला नसतं, असं मानायला मी तयार नाही. अभियंत्यांबद्दल मला तेवढा आदर आहे.

अंबाझरीच्या बाबतीत तर वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला. सांडव्याच्या तोंडाशी उभारलेला विवेकानंदांचा पुतळा, पात्रातली बांधकामं, दीडशे वर्षांच्या बांधाची मजबुती, हे सगळं चर्चेत आलं. म्हणजे देव सोडून बरेच जण त्या प्रकरणात पक्षकार होते. तलाव हा काही ढग नव्हे. तलावाला मालक असतो. इंग्लंडमध्ये १८६८ साली एका गिरणीवाल्याच्या साठवण तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं तेव्हा तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगून टाकलं की एवढं पाणी तू आपल्या सोयीसाठी साठवलंस, ते सुटलं तर निस्तरणंही तुझ्याकडेच. आपल्याकडे १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकारला कालवा फुटून बुडालेल्या शेताबद्दल जबाबदार धरलं. नीट राखलेला कालवा आपणहून फुटत नसतो, असा त्या निकालाचा रोख. त्याला साठ वर्षं झाली. पण पोह्याच्या ठेल्यावर अजून देवच आरोपी आहे.

दुसरा मुद्दा, खोलगट जागेत घर का घेतलं. घेतलं, कारण तिथे घर बांधायला परवानगी होती! लेआऊट मंजूर झाला, विकास शुल्क भरून घेतलं, नकाशावर शिक्का पडला, भोगवटा प्रमाणपत्र निघालं, मुद्रांक शुल्क वसूल झालं, आणि घरटॅक्सची डिमांड तर इतकी वेळेवर येते की घड्याळ लावावं. या सातआठ टेबलांपैकी एकावरही कोणी म्हटलं नाही, "भाऊ, हे नाल्याचं अंग आहे, नका घेऊ." उलट त्या नाल्यावर स्लॅब टाकून रस्ता झाला. पैसे घेताना ही जमीन निवासी असते. पाणी शिरलं की तीच एका रात्रीत खोलगट होते. जमिनीची उंची पावतीनुसार बदलते हे भूगोलात शिकवत नाहीत. अनधिकृत, नाल्याच्या पात्रात पत्रे ठोकून राहणाऱ्यांचं काय, असं कोणी विचारेल. त्यांची कथा वेगळी आणि जास्त करुण आहे. पण हा प्रश्न विचारणारे त्यांच्या काळजीने विचारत नाहीत, माझं तोंड बंद करायला विचारतात.

विम्याचं थोडक्यात सांगतो. माझ्या गाडीचा विमा होता. सर्व्हेअर आला, बॉनेट उघडलं, म्हणाला, "इंजिनात पाणी गेलं, ते बेसिक पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट घ्यायला पाहिजे होतं." ठीक, तो त्याचा धंदा. पण मुद्दा त्याहून साधा आहे. ट्रकने मागून धडक दिली तर ट्रकवाला 'तुम्ही विमा काढला नव्हता काय' असं म्हणून निघून जाऊ शकतो का? कायद्याने सक्तीचा विमा काढावा लागतो तो धडक देणाऱ्याने, धडक खाणाऱ्याने नव्हे. आणि विमा कंपनीने मला पैसे दिले तरी ज्याच्या चुकीने नुकसान झालं त्याच्याकडून ते वसूल करायचा हक्क तिला मिळतो. विम्याने दोष धुऊन निघत नाही, फक्त दोषाचा पाठलाग करणारा माणूस बदलतो. नाल्याच्या मालकाने कुठला विमा काढलाय, हे मला एकदा विचारायचं आहे.

खोट्या पंचनाम्यांबद्दल मी वाद घालणार नाही. आमच्याच गल्लीत एकाने दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला फ्रिज माळ्यावरून काढून ओल्या फरशीवर उभा केला, आणि तलाठ्यासमोर असा चेहरा केला की फ्रिजलाच गहिवरून यावं. पण हे होतं कशामुळे? सरसकट दहा हजार ठरलेत म्हणून. ज्याची फक्त पायपुसणी भिजली त्यालाही दहा, ज्याचं अख्खं स्वयंपाकघर गेलं त्यालाही दहा. पहिल्याला खोटं बोलायचं बक्षीस, दुसऱ्याला खरं बोलायचा काही उपयोग नाही. नुकसान मोजायचं म्हटलं, पावती मागितली, घसारा धरला, तर माळ्यावरच्या फ्रिजची किंमत शून्य निघेल आणि सरकारचे दहा हजार वाचतील. चोराला सगळ्यात प्रिय असते ती सरसकट रक्कम. मोजमापाची भीती त्याला असते, मला नाही.

आता शेतकरी. हा मुद्दा निघाला की बोलती बंद होते, कारण विदर्भात राहून त्यावर तोंड उघडायची लाज वाटते. वाटायलाच हवी. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आहेत. अडीच एकरांतली पऱ्हाटी गेली की बियाणं, खत, डवरणी, फवारणी सगळं त्यात बसवायचं. हा आकडा कुठल्या हिशेबातून आला हे कपाशी लावलेल्या कोणालाही सांगता येणार नाही. पण बघा, तोही हक्क नव्हे, अनुग्रहच! त्याच्या बांधावर आणि माझ्या पॅसेजमध्ये एकच वृत्ती उभी आहे. त्याला कमी मिळतं म्हणून मी मागू नये, हा युक्तिवाद त्याच्या बाजूचा कसा काय झाला? त्याच्या नावाने मला गप करायचं आणि माझ्यासारख्यांच्या करांच्या नावाने त्याला. दोघंही गप बसले की टेबलापलीकडे शांतता.

करदात्यांचा पैसा म्हणतात तो तरी कोणाचा? माझाच ना. घरटॅक्समध्ये मलनिस्सारणाचा कर मी भरतो. महापालिकेच्या कायद्यात गटारं बांधणं, राखणं, साफ करणं हे ऐच्छिक काम म्हणून लिहिलेलं नाही, बंधनकारक कर्तव्य म्हणून लिहिलंय. पैसे घेतले, काम केलं नाही, नुकसान झालं. दुधवाल्याने असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो? आणि नाला नीट न राखण्याचा खर्च कोणीतरी करतोच आहे. तो सध्या तळमजला करतो. सगळ्या शहराने थोडा थोडा उचलायचा की पाणी ज्याच्या जाळीतून आलं त्याने एकट्याने, एवढाच प्रश्न आहे. तिसऱ्या मजल्याला दुसरा पर्याय सोयीचा वाटतो यात नवल नाही.

सरकारला हिशेब जमत नाही असंही नाही. मार्च २०२५ मध्ये नागपुरातल्या महाल भागात दंगल झाली, गाड्या जळाल्या. तेव्हा नुकसान मोजून पै न् पै दंगेखोरांकडून वसूल करू, असं मुख्यमंत्र्यांनीच जाहीर केलं. बरोबर केलं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल १९८४ पासून स्वतंत्र कायदा आहे. म्हणजे मी सार्वजनिक दिव्याचा खांब पाडला तर ते नुकसान, सार्वजनिक नाल्याने माझं घर पाडलं तर ती आपत्ती! दोष माझा असला की पावती फाडतात, त्यांचा असला की अनुग्रह करतात.

सरकारने आपल्या चुकीची किंमत भरावी हा विचार नवा नाही आणि मी काही क्रांती मागत नाही. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत सरकारी मजुरांच्या हातून लोखंडाचा अवजड तुकडा पडला, आवाजाने एका कंपनीच्या गाडीचे घोडे बिथरले, एक घोडा जखमी झाला. मागणी होती ३५० रुपयांची. १८६१ साली, गोऱ्या सरकारच्या राज्यात, न्यायालयाने सांगितलं की हे नुकसान सरकार देणं लागतं. सत्तावनच्या बंडाला चार वर्षं झाली होती, राणीचं राज्य सुरू होतं, आणि घोड्याचा हक्क मान्य झाला. स्वतंत्र भारतात काय झालं? १९४७ साली मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं ताब्यात घेतलं, ते मालखान्यातून हेड कॉन्स्टेबलनेच पळवलं आणि तो पाकिस्तानात गेला. सराफ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली हरला, कारण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम. तो निकाल सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला, पण लिहिताना ही स्थिती समाधानकारक नाही, विधिमंडळाने कायदा करावा, असंही बजावलं. त्याआधी १९५६ साली पहिल्या विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात हेच सांगितलं होतं. विधेयकं आली, १९६५ ला एक, १९६७ ला दुसरं. दोन्ही बारगळली. पुढे न्यायालयांनीच एकेका निकालाने सार्वभौम कवचाला भोकं पाडली, पण सामान्य माणसाला हातात धरता येईल असा कायदा अजून नाही. तो दावा लावायला निघाला की आधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस, मग कोर्ट फी, मग तारखा. कपाटाची किंमत वकिलाच्या दुसऱ्या तारखेलाच संपते.

खड्ड्यांच्या बाबतीत ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक पाऊल टाकलं. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख, आणि ही रक्कम दोषी अधिकारी व कंत्राटदारांकडून वसूल करायची. शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पैसे कोणाच्या खिशातून जाणार हे एकदा लिहिलं गेलं की डांबराचा दर्जा सुधारतो, असा माझा भाबडा विश्वास आहे. सानुग्रहात तो खिसा कधीच सापडत नाही. दहा हजार आपत्ती निधीतून येतात. ज्या खात्याचा नाला तुंबला त्या खात्याच्या अंदाजपत्रकातून दमडी जात नाही. पुढच्या वर्षी तोच नाला, तोच कंत्राटदार आणि तोच गाळ काठावर काढून ठेवायचा, पहिल्या पावसात परत आत जायला.

हक्क आणि अनुग्रह यातला फरक बघायचा असेल तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी थोडी वाट बघा. भूसंपादनाचा वाढीव मोबदला कोर्टाने मंजूर केलेला असतो, सरकार देत नाही, मग एक दिवस बेलिफ हुकूम घेऊन येतो आणि जिल्हाधिकाऱ्यांची खुर्ची जप्त करायला लागतो. कॉम्प्युटर, पंखे, कधी साहेबांची गाडी. एसटीच्या अपघातातली रक्कम थकली तर स्थानकावरून बस जप्त होते, प्रवासी खाली उतरतात. वर्तमानपत्रात आत कुठेतरी बातमी येते आणि धावपळ करून पैसे भरले जातात. आजवर सानुग्रह मदत थकली म्हणून कोणाची खुर्ची गेल्याचं ऐकलंय? जाऊच शकत नाही. अनुग्रहाची थकबाकी नसते.

मला हवी आहे ती खुर्ची उचलता येण्यासारखी भरपाई. रक्कम दहा हजारांहून कमी निघाली तरी चालेल. साड्यांचे सोडून द्या, कपाटाचा घसारा धरा, गाडीचं वय धरा, मोजा आणि जे निघेल ते द्या. पण वरती लिहा की हे नुकसान अमुक खात्याच्या अमुक नाल्यामुळे झालं, आणि हे पैसे त्या खात्याच्या नावे पडतील.

आमचा पंचनामा करायला जो मुलगा आला होता तो बिचारा सकाळपासून चाळीस घरं फिरला होता, पँट पोटरीपर्यंत चिखलाने माखलेली. बायकोने त्याला चहा दिला. फॉर्म त्याने आधीच अर्धा भरून आणला होता, वेळ वाचावा म्हणून. 'नुकसानीचे कारण' या रकान्यात चाळीसही फॉर्मांवर एकच शब्द होता: अतिवृष्टी. मी त्याला न्हाणीघरात नेलं, जाळी दाखवली, भिंतीवर खालून वर चढलेला काळा पट्टा दाखवला. म्हटलं, "इथे 'गटार तुंबून' असं लिहा." तो थोडा वेळ जाळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काका, दिसून राह्यलं मले. पण तसं लिहिलं तं फॉर्म रिजेक्ट होते. मदत अतिवृष्टीलेच आहे."

मी सही केली नाही. आत बायको म्हणत होती, अहो, करून टाका, दहा हजार तर दहा हजार. तो कप खाली ठेवून पुढच्या घरी गेला. तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. रकान्यातला शब्द मी पेनने खोडून वर दुसरा लिहिलाय, आणि तो स्वीकारणारं टेबल या शहरात कुठे आहे ते शोधतो आहे.